सासूबाईंना कुर्डीला न्यायचं का?

*ताई, नमस्कार. आम्ही डिचोलीचे. माझ्या सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचं माहेर कुर्डी, सांगे तालुक्यातलं, साळावली धरणात गेलेलं. गाव उठलं तेव्हा त्यांच्या भावाला वाडे गावच्या पुनर्वसन वसाहतीत जागा मिळाली. गाव बुडाल्यापासून सासूबाईंनी कुर्डीत पाय ठेवलेला नाही. दर उन्हाळ्यात पाणी ओसरून गाव वर येतं, पेपरात फोटो येतात. त्या चष्मा लावून ते बघतात आणि पेपर घडी करून ठेवून देतात. यंदा मात्र शिगमो झाल्यापासून रोज एकच: 'म्हाका एकदां कुर्डी व्हर.'*

*मे महिन्यात माझी नणंद पुण्याहून मुलांना घेऊन येतेय. मोठा चौदाचा, धाकटी दहाची. तिचा बेत असा की दोन दिवस पाळोळ्याला राहायचं आणि परतताना जाताजाता कुर्डी करून यायचं. माझे मिस्टर म्हणतात, आईला अजिबात न्यायचं नाही. पडक्या भिंती बघून तिचं बीपी वाढेल, गुडघे दुखतात, ऊन किती असतं. खरं सांगायचं तर कुर्डीचा विषय निघाला की ते उठूनच जातात. लहानपणी मे महिन्याची सगळी सुट्टी ते आजोळीच असायचे म्हणे. त्यात मामेसासऱ्यांच्या बाराव्याला नणंदेनं आईच्या वाट्याबद्दल काहीतरी विचारलं, तेव्हापासून वाड्याच्या घरी आमचं जाणं-येणं बंद आहे. काय करू? नेलं आणि त्या तिथे कोसळल्या तर?*

*— एक सून, डिचोली*

प्रिय मैत्रिणी,

न्या. पुढच्या वर्षी बघू असं न म्हणता याच मे महिन्यात न्या. एक्याऐंशी वर्षांची बाई रोज एकच गोष्ट मागतेय आणि ती देणं तुमच्या हातात आहे, म्हणून मी एवढं ठाम सांगते. पण नणंदेनं आखलेल्या बेतानं मात्र नेऊ नका. तो बेत बदलला तरच हा प्रवास सासूबाईंचा होईल.

आधी तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांची काळजी खोटी नाही, पण ती ज्या कारणांनी सांगतात ती कारणं पुरी नाहीत असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं. गाव गेलं ही बातमी सासूबाईंना नवी नाही. 1986 मध्ये कुर्डीवर पाणी चढलं, तेव्हापासून त्या हे मनात घेऊन जगताहेत. पडक्या भिंतीही त्यांनी पाहिल्या आहेत, पेपरातल्या फोटोंत, वर्षानुवर्षं. त्या डोळे उघडे ठेवून तिकडे जायचं म्हणताहेत. ज्या माणसाला विषयही सोसत नाही तो माणूस घरात दुसराच आहे.

तुम्ही ओझरतं लिहिलंत, की सुट्टीत ते आजोळी असायचे. त्यावर जरा थांबून विचार करा. सासूबाईंनी कुर्डीचा निरोप रीतसर घेतला होता, पाठवणीच्या वेळी. सगळा गाव वेशीपर्यंत आला असेल, रडणं झालं असेल, ओटी भरली असेल. मुलगी आपलं गाव सोडते तेव्हा ते सोडण्याची एक रीत असते. शाळकरी पोराला कोणी असा निरोप घ्यायला लावत नाही. एका सुट्टीत तो कुर्डीच्या नदीत डुंबतो, मामाच्या कुळागरात हिंडतो, फणस-काजूंनी हात चिकट करून घेतो आणि पुढच्या सुट्टीत त्याला वाड्याला नेतात, आखलेल्या भूखंडावरच्या नव्या घरात, जिथे अजून एक झाड सावली देण्याइतकं वाढलेलं नाही. मोठी माणसं तेव्हा भरपाई, जमीन, गुरं, सामानसुमान यांत बुडालेली होती. पोराला कोणी विचारलं नसेल की तुला कसं वाटतं रे. विचारायची पद्धतही नव्हती. आज तो पन्नाशी-साठीचा बाप्या आहे आणि आईच्या बीपीचं नाव पुढे करतो. मला यात कुठेही लबाडी दिसत नाही. त्यांना स्वतःलाही हे असं उलगडलेलं नसेल.

म्हणून एक करा. 'खरं तर तुम्हालाच बघवत नाही' असं त्यांना चुकूनही म्हणू नका, भांडणातसुद्धा नाही. बीपीवरून वादही घालू नका, बीपीचा प्रश्न डॉक्टरकडे न्या. आणि एखाद्या संध्याकाळी सहज विचारा, कुर्डीला पोहायला कुठे शिकलात? कोणी शिकवलं? ते उठून गेले तर जाऊ द्या, चार दिवसांनी पुन्हा विचारा. पोहण्याबद्दल माणूस बोलतो. घराबद्दल, मामाबद्दल बोलायला वेळ लागतो, पण पाण्यात कोणी ढकललं आणि नाकातोंडात पाणी कसं गेलं हे सांगायला पुरुषांना आवडतं. ते एकदा सांगायला लागले की गाडी तेच चालवतील.

आता बेत. 'जाताजाता' हा शब्द आधी काढून टाका. पाळोळ्याच्या समुद्रावर दोन दिवस घालवून, अंगात मीठ आणि डोक्यात ऊन घेऊन, मुलं पेंगुळलेली, दुपारी बाराला तुम्ही कुर्डीला पोचाल. तिथे सावली नाही. पाण्याखाली गेलेल्या झाडांचे नुसते बुंधे उभे आहेत, जमीन भेगाळलेली, सगळं उघडं. अर्ध्या तासात मुलं 'चला ना' म्हणतील आणि सासूबाई, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीनं उठबस केली, त्या लगेच 'चला' म्हणतील. झालं. पुन्हा त्या कधी मागणार नाहीत आणि तुम्ही सगळे समजाल की हौस फिटली. समुद्र नंतर करा, आधी कुर्डी. पाळोळे कुठे जात नाही.

दिवस कोणता? मे महिन्यात कुर्डीच्या सोमेश्वराचा वार्षिक उत्सव असतो. गावची विखुरलेली माणसं त्या दिवशी परत येतात. ख्रिश्चन मंडळीही चॅपेलचं फेस्त करायला येतात. गर्दी असते म्हणून तो दिवस टाळावा असं तुमच्या घरात कोणीतरी म्हणेलच. मी उलट सांगते, त्याच दिवशी जा. एरवी गेलात तर सासूबाई भिंती बघतील. त्या दिवशी गेलात तर कोणीतरी त्यांच्याकडे निरखून बघेल आणि विचारेल, तू अमक्याची धूव ना गो? बापाच्या नावानं, घराच्या नावानं त्यांना हाक मारणारं डिचोलीत कोण आहे? तिथे त्या साठ वर्षं तुमच्या घरची सून, सासू, आजी आहेत. कुर्डीत त्या कोणाची तरी मुलगी होत्या, आणि ते सांगणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.

यावरूनच माझं मुख्य म्हणणं. कुर्डीला थेट जाऊ नका. आदल्या दिवशी वाड्याला जा आणि भावाच्या घरी मुक्काम करा.

हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, मला कल्पना आहे. पण जरा बघा. कुर्डीची माणसं काही वाड्याला गेली, काही वालकिणीला. सासूबाईंचं माहेर म्हणजे जे काही आज चालतं-बोलतं उरलंय ते या दोन वसाहतींत आहे. भावजय असेल, शेजारची म्हातारी असेल, बरोबर शाळेत गेलेली कोणी असेल. दगड बघायला त्यांना डिचोलीहून नेणार आणि दगडांपासून थोड्या अंतरावर राहणाऱ्या माणसांना चुकवून परत आणणार, हे माझ्या मनाला पटत नाही. आणि उत्सवात भाचा समोर येणारच. गर्दीत अवघडून 'बरां मगो?' म्हणण्यापेक्षा आदल्या रात्री त्याच्या घरी जेवलेलं बरं.

बाराव्याच्या त्या प्रश्नाबद्दल स्पष्टच बोलते. नणंदेचा प्रश्न अवाजवी नव्हता. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यापासून मुलीला आईबापांच्या मालमत्तेत मुलाइतकाच वाटा आहे, आणि तो प्रश्न विचारायचा हक्क तिला होता. चुकली ती वेळ. बाराव्याला पान वाढलेलं असताना कागदाचा विषय काढला की समोरच्याला आयुष्यभर ते पानच आठवतं. आणि गोव्यातल्या प्रत्येक घराला हेही माहीत आहे की माहेरवाशीण खूप वर्षांनी अचानक उंबऱ्यात उभी राहिली की भावाच्या घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो: सही, इन्व्हेंटरी (वारसा-वाटणीचं कोर्टातलं काम), वाटणी. त्यांचा दोष नाही. कोर्टात वर्षानुवर्षं चाललेली अशी प्रकरणं प्रत्येकाच्या नात्यात आहेत. तुम्ही काही न बोलता गेलात तर तुमच्या मागे तो संशय घरात शिरणार आणि सासूबाईंना चहाबरोबर तो गिळावा लागणार.

म्हणून दोन फोन करायचे. पहिला नणंदेनं, पुण्याहून, तुम्ही सगळे निघायच्या खूप आधी. माफी मागायची गरज नाही, लांबण लावायची तर नाहीच. 'आईला सोमेश्वराला यायचंय. कागदाचं काही काम नाही, तो विषय आमच्याकडून निघणार नाही.' एवढंच. ज्या तोंडून प्रश्न गेला त्याच तोंडून हे जायला हवं. तुमच्या मिस्टरांनी किंवा तुम्ही सांगितलंत तर त्याला किंमत राहणार नाही. दुसरा फोन सासूबाईंचा, भाच्याच्या बायकोला. त्यांनी परवानगी मागायची नाही. 'मी येतेय गो. आदल्या रात्री तुझ्याकडे उतरेन. जेवायला साधं कर, हुमण नि भात पुरे.' आत्यानं हक्कानं जेवण मागितलं की घरची बाई हलते. परक्यासारखं 'आम्ही आलो तर चालेल का' विचारलं की तीही परक्यासारखी 'या ना' म्हणते आणि मग सगळ्यांचंच अवघडतं.

भाच्यानं नाही म्हटलं तर? तर सांग्याला किंवा कुडचड्याला रात्रीची सोय बघा आणि तरीही वाड्यात दुसऱ्या कोणाच्या तरी घरी संध्याकाळी सासूबाईंना तासभर बसवा. पण मला नाही वाटत तो नाही म्हणेल. सोमेश्वराचं नाव घेऊन आलेल्या आत्याला नाही म्हणणं सोपं नसतं.

एक पथ्य मात्र पाळा. त्या दोन दिवसांत त्यांच्या बाजूनं कोणी कागद काढलाच, 'आत्या आलीच आहे तर एक सही करून टाकू दे', तर सही करू द्यायची नाही. चिडायचं नाही, 'त्याला वेगळा दिवस काढू, वकिलाला दाखवून करू' एवढं म्हणायचं. तो भूखंड कोणाच्या नावे आणि कशाच्या बदल्यात मिळाला, त्यात सासूबाईंचा काही संबंध येतो का, हे कागद बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. हे तुमच्या मिस्टरांना आणि नणंदेला गाडीत बसण्यापूर्वी बजावून ठेवा. गाडीतसुद्धा हा विषय नको. म्हाताऱ्या माणसांना मागच्या सीटवर सगळं ऐकू येतं.

घरून काही न्यायचं तर मिठाईचा खोका नेऊ नका. डिचोलीचं खाजं न्या, आणि सासूबाईंना विचारा भावजयीला काय आवडायचं. त्यांना आठवत असेल.

आता प्रकृतीचं. आत्ताच त्यांना नेहमीच्या डॉक्टरकडे घेऊन जा, त्यांच्यासमोरच विचारा. बीपीची गोळी उन्हाच्या दिवशी किती वाजता घ्यायची, लघवी जास्त होणारी गोळी असेल तर त्या सकाळी काय करायचं, पाणी किती प्यायचं. डॉक्टरनं 'जा' म्हटलं की मिस्टरांचा अर्धा विरोध तिथेच संपेल. डॉक्टरनं 'चालायचं नाही' म्हटलं तर तेही ऐका, त्याची सोय मी खाली सांगते.

कुर्डीला सकाळी सातच्या आत पोचायचं बघा, वाड्याला मुक्काम असल्यानं ते जमेल. दहा-साडेदहाला परत फिरायचं. गाडी जिथवर जाते तिथवर न्या, पुढे जमीन खडबडीत, भेगाळलेली, मध्येच चिरे उघडे पडलेले. काठी रबरी बुडाची हवी. चप्पल नको, मागे पट्टा असलेलं पायताण घाला. घडीची हलकी खुर्ची न्या. छत्री, पाणी, साखर-मिठाचं पाणी, लिंबू, गोळ्यांची पिशवी तुमच्या स्वतःच्या खांद्यावर, गाडीत नको. तिथे संडास-बाथरूमची सोय धरू नका, निघताना उरकून निघा. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला असेल तर तो गाळ भयंकर निसरडा होतो, त्या स्थितीत त्यांना आत चालवायचंच नाही.

आणि पिशवीत एक जाड मोज्यांची जोडी टाका. हे का सांगते ते ऐका. मी कुर्डीला गेले होते तेव्हा एक आजी पाहिल्या. दोन नातवंडांनी दोन्हीकडून धरलेलं. नातू म्हणत होता, आजी घर कुठलं, आणि त्यांना काही उमगेना, कारण सगळे चौथरे सारखेच दिसतात, गुडघाभर उंचीचे, चिऱ्यांचे, गाळानं रंग गेलेले. मग त्यांनी विहीर विचारली. विहीर सापडली. त्या विहिरीला पाठ करून उभ्या राहिल्या, उजव्या हातानं हवेत एक रेघ ओढल्यासारखं केलं आणि सरळ चालायला लागल्या, नातवंडांचा हात सोडून. एका चौथऱ्यापाशी थांबल्या. दाराच्या जागी दोन दगड होते. तिथे त्यांनी चपला काढल्या. जमीन तापलेली होती, नातू मागून चपला घेऊन धावला, तर त्याला दटावून म्हणाल्या, घरात चपला घालतात? आणि त्या तशाच अनवाणी आत गेल्या, मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात, भिंतीतून नव्हे, दारातून वळून. तुमच्या सासूबाई हेच करतील असं नाही. पण केलंच तर चपला घालायचा आग्रह करू नका, मोजे घाला.

यातली विहिरीची गोष्ट मुलांसाठी उपयोगाची आहे. नातवंडं कंटाळतील ही नणंदेची भीती आहे ना? पुण्याहून आल्या आल्या त्यांना आजीसमोर मोठा कागद घेऊन बसवा. आजीनं सांगायचं, पोरांनी काढायचं. विहीर कुठे, नदी कुठल्या बाजूला, शाळा, सोमेश्वर, चॅपेल, मुसलमान शेजाऱ्यांची घरं, गोठा, तुळशीवृंदावन, वाटेतला फणस. आजी चार वेळा खोडायला लावेल, लावू दे. तो कागद घेऊन मुलं कुर्डीत उतरली तर त्यांना शोधायला काहीतरी असेल. मात्र जागेवर गेल्यावर नकाशा चुकला असं दिसलं तर आजीला 'तू चुकलीस' म्हणायचं नाही, हे चौदा वर्षांच्या नातवाला आधीच सांगून ठेवा. आणि सगळा वेळ मोबाइल आजीच्या तोंडासमोर धरायचा नाही. 'आजी, आता कसं वाटतंय सांग' असं कॅमेऱ्यासमोर विचारणं मला क्रूर वाटतं. धाकटीला एक वही द्या, आजीनं घेतलेली नावं तिनं लिहायची, माणसांची आणि झाडांची.

गाडीत मोगूबाई कुर्डीकरांचं गाणं लावा. 15 जुलै 1904 ला त्या याच कुर्डीत जन्मल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या, 1974 मध्ये पद्मभूषण झाल्या. किशोरी आमोणकर त्यांची लेक. त्यांच्या घराची जागा आजही कुर्डीत दाखवतात. मुलांना गाणं कळलं नाही तरी चालेल. आपल्या आजीच्या गावचं नाव एवढ्या मोठ्या गवईणबाईनं जन्मभर लावलं, हे कळलं तरी त्यांच्या डोळ्यांत आजी एकदम वेगळी दिसायला लागेल.

आता तुमचा खरा प्रश्न, त्या कोसळल्या तर. रडतील, तर रडू द्या. 'पुरे आता, बीपी वाढेल' असं म्हणून कोणी त्यांना थांबवू नका. खुर्ची द्या, छत्री धरा, पाणी हाताशी ठेवा, आणि तुम्ही शेजारी गप्प बसा. तुम्ही, कारण मुलाला ते बघवणार नाही आणि मुलगी स्वतःच रडत असेल. सून म्हणून तुम्ही थोड्या बाहेरच्या आहात, त्या दिवशी त्याचा उपयोग होईल. चक्कर, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, घाम येऊन अंग गार पडणं यांतलं काही दिसलं तर मात्र क्षणभर थांबायचं नाही. गाडीत घालून सांग्याच्या नाहीतर कुडचड्याच्या आरोग्य केंद्रात. 108 ची सेवा आहे, पण मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका, म्हणून गाडी आणि चालवणारा दोघं जवळपास हवेत.

रडण्यापेक्षा निराळंही काही होऊ शकतं. त्या चिडतील. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना स्वतः गावात येऊन लोकांना धरणाबद्दल सांगून गेले होते. दक्षिण गोव्याचं भलं होईल म्हणून लोकांनी मान हलवली. भलं झालंही. मडगाव-वास्कोला आज नळ सोडला की साळावलीचं पाणी येतं. पण त्या दिवशी हे त्यांना ऐकवू नका. 'आई, पण किती लोकांची सोय झाली' हे वाक्य खरं असलं तरी आपल्या बापाच्या चौथऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला सांगायचं नाही. त्यांना चिडू द्या. किंवा काहीच होणार नाही. दहा मिनिटं बघतील आणि चला म्हणतील. तेव्हा 'इतकं लांबून आलो, अजून थोडं बघा' असं कोणी म्हणू नये. बघून झालं असेल त्यांचं.

आणि डॉक्टरनं चालायला मनाई केली, किंवा ऐन सकाळी त्यांनीच 'मला नाही जायचं' म्हटलं, तर वाईट वाटून घेऊ नका. कुर्डीचं जुनं महादेवाचं देऊळ, कदंबांच्या काळातलं, पाण्यात जाण्याआधी पुरातत्त्व खात्यानं दगड न् दगड सुटा करून, क्रमांक घालून साळावली धरणाजवळ पुन्हा उभं केलंय. तिथे गाडी जाते, सावली आहे. त्यांना तिथे बसवा, आणि मिस्टर मुलांना घेऊन कुर्डीला जाऊन येतील. कोणाला ठाऊक, त्यांना एकट्यानं मुलांबरोबर जाणं जास्त सोपं जाईल. नातवाला पोहायची जागा दाखवायला तरी बाप्याला बोलावंच लागेल.

पाणी दरवर्षी सारखं ओसरत नाही, त्यामुळे यंदा सोमेश्वर आणि तुमच्या घराची जागा कधी उघडी पडेल हे वाड्याची माणसंच सांगू शकतील. उत्सवाची तारीखही त्यांनाच विचारा. जूनचा पाऊस लागला की पुन्हा सगळं पाण्याखाली, म्हणजे तुमच्या हातात फार दिवस नाहीत. नणंदेला आज रात्री फोन करा, तिचा फोन झाला की सासूबाईंचा. तो करताना मोबाइल स्पीकरवर टाकू नका, त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही आत कामाला जा. तारीख कळली की नणंदेला लगेच कळवा, मे महिन्यात पुण्याहून गोव्याची तिकिटं शेवटच्या क्षणी मिळत नाहीत.